आवाजासोबत नावही जाऊ द्या

सातारा-सांगलीकडे कलाकारांची कमतरता कधीच नव्हती. उरसात रात्र जागवणारे कव्वाल आहेत, वरातीत सनई आणि बँड वाजवणारी घराणी आहेत, आणि आता मोबाईलवर नात किंवा गझल रेकॉर्ड करून टाकणारी कॉलेजची मुलं-मुलीही आहेत. लोक वाहवा करतात, पण पुढच्या महिन्याची सुपारी काही ठरत नाही. मग घरात अब्बा विचारतात, "यावर पोट भरणार आहे का?" प्रश्न रास्त आहे. गाण्या-वाजवण्याबद्दल घराघरांत वेगवेगळी मतं आहेत, तो वाद आज बाजूला ठेवू. ज्यांनी हे काम पत्करलं आहे, त्यांच्या रोजीचा विचार करू.

जाहिरात म्हणजे स्वतःचा डंका पिटणं, असं आपल्याकडे समजतात. त्यामुळे भले कलाकार त्यापासून लांब राहतात. पण आपल्याच मिरजेत राहून गेलेल्या उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेबांकडे पाहा. 1872 साली कैराना इथे त्यांचा जन्म झाला. बडोद्याच्या दरबारची नोकरी सुटली आणि महिन्याचा पगार थांबला. आजच्या भाषेत ते स्वतंत्र कलाकार झाले. पुढे त्यांनी मिरजेत घर केलं आणि श्रोते स्वतः जोडले. गावोगाव जलसे केले. पुण्यात आर्य संगीत विद्यालय काढलं. म्हैसूरकडे गेले तेव्हा तिकडचं कर्नाटक संगीत मन लावून ऐकलं आणि त्यागराजांची एक कृतीही रेकॉर्ड केली. मराठी श्रोत्यांसाठी नाट्यपदं गायली. श्रोता कोण आहे, त्याच्या कानाला काय ओळखीचं आहे, हे त्यांनी आधी जाणून घेतलं, आणि तरी गाणं आपलंच ठेवलं.

1930 च्या दशकात त्यांनी ओडियन कंपनीसाठी ध्वनिमुद्रिका दिल्या. एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं. रात्रभर गाणाऱ्या माणसाला ती अडचणच वाटावी. पण त्या तीन मिनिटांनी त्यांचा आवाज, जिथे ते कधी गेले नसतील अशा घरांत पोचवला. 1937 साली त्यांचा इंतकाल झाला. आजही मिरजेत ख्वाजा शमनामीरा साहेबांच्या उरसात त्यांच्या नावाने संगीत सभा होते. आजची रील हे त्या तबकडीचंच धाकटं भावंड आहे. ती अख्ख्या मैफलीची जागा घेत नाही, मैफलीचं आमंत्रण देते.

पण आमंत्रणावर नाव हवं. 1902 साली कलकत्त्यात गौहरजान यांनी रेकॉर्डिंग केलं, तेव्हा गाण्याच्या शेवटी त्यांनी आपलं नाव मोठ्याने सांगितलं. तबकड्या जर्मनीत छापल्या जायच्या, तिथल्या कारागिरांना गाणं कोणाचं ते कळावं म्हणून. आज उलट होतं. लग्नात कोणी तुमचा व्हिडिओ काढतो, हजारो लोक तो पाहतात आणि गायक कोण हे कोणालाच ठाऊक नसतं.

मिरजेच्या सतारकारांनाही नावाची किंमत चांगली माहीत आहे. शस्त्रं घडवणाऱ्या शिकलगार घराण्यातल्या फरीदसाहेबांनी एकोणिसाव्या शतकात तंतुवाद्यं घडवायला सुरुवात केली आणि ती कला पिढ्यान्‌पिढ्या चालली. पण बाहेर कोणीही "मिरजेची सतार" म्हणून काहीही विकू लागलं. अखेर 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन, म्हणजे जीआय, मिळालं. आता त्या नावालाच कायद्याचा आधार आहे. माल चांगला असून भागत नाही, नावही राखावं लागतं.

मग करायचं काय?

पहिलं, सगळीकडे एकच नाव आणि एकच नंबर ठेवा. पार्टीचं नाव, गाव आणि फोन व्हिडिओतच दिसू द्या, खालच्या मजकुरात लिहून भागत नाही. गुगल मॅपवर आपली नोंद मोफत करता येते. कराडात किंवा विट्यात कोणी "कव्वाली पार्टी" शोधली, तर तुम्ही सापडायला हवं.

दुसरं, ज्यांनी एकदा बोलावलं त्यांची वही ठेवा. उरूस कमिटी, मंगल कार्यालयवाला, मंडपवाला, साउंडवाला ही माणसं वर्षभर कामं देतात. अनोळखी दहा हजारांच्या लाइकपेक्षा अशी पन्नास नावं मोलाची. रमजान आणि पावसाळ्यात कामं थंडावतात, तेव्हा या वहीतल्या प्रत्येकाला फोन करा. नवा व्हिडिओही त्याच दिवसांत तयार करा.

तिसरं, व्यवहार लिहून घ्या. तारीख, किती तास, साउंड कोणाचा, येण्याजाण्याचा खर्च, आगाऊ रक्कम आणि बाकी कधी मिळणार, एवढं व्हॉट्सॲपवर लिहून समोरच्याचा होकार घ्या. यात संकोच कसला? उधारीचा व्यवहार लिहून ठेवा, असं तर कुरआनानेच सांगितलं आहे.

चौथं, स्वतःची चाल, स्वतःचा कलाम तयार करा. दुसऱ्याची गाजलेली कव्वाली गाऊन यूट्यूबवर टाकली, तर जाहिरातीचे पैसे बहुधा मूळ हक्कदाराकडे जातात. आणि जाहिरातीचे पैसे सुरू व्हायलाच सध्या 1000 सदस्य आणि वर्षभरात 4000 तास पाहिलं जाणं, किंवा 90 दिवसांत शॉर्ट्सना 1 कोटी व्ह्यूज, ही अट आहे. म्हणून यूट्यूबला कमाईपेक्षा ओळखपत्र समजा, घर मैफलींवर चालवा.

पाचवं, सही करण्याआधी वाचा. कॉपीराइट कायद्यातल्या 2012 च्या दुरुस्तीने गीतकार आणि संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा राखून ठेवला आहे. "सगळे हक्क कायमचे आमचे" असा कागद समोर आला, तर थांबा आणि वकिलाला दाखवा. स्वतः लिहिणाऱ्यांनी आणि चाल बांधणाऱ्यांनी आयपीआरएस या संस्थेचं सभासदत्व घ्यावं. आपलं काम कुठे वाजलं, तर त्याचे पैसे गोळा करण्याचं काम ती करते.

यातलं काहीही रियाजाची जागा घेणार नाही. सूर कच्चा असेल तर जाहिरात ते लवकर उघडं पाडते. पण सूर पक्का असूनही माणूस घरात बसून राहिला, तर ते नुकसान त्याचं एकट्याचं नसतं. त्या कमाईकडे डोळे लावून बसलेली अम्मी असते, फीसाठी थांबलेली बहीण असते. म्हणून आईवडिलांनो, मुलाला "गाणं सोड" किंवा "गात राहा" एवढंच सांगून थांबू नका. त्याच्याशेजारी बसा आणि वहीचं पहिलं पान त्याच्याबरोबर भरा.