कुस्को : पहिले तीन दिवस



कामानिमित्त दोन महिने पेरूची राजधानी लिमा इथे होतो. शेवटच्या आठवड्यात आई आली आणि आम्ही इंका लोकांची जुनी राजधानी कुस्को पाहायला निघालो. लिमा समुद्रकाठी, कुस्को ३,४०० मीटरवर, आणि विमानाला लागतो जेमतेम सव्वा तास. जन्म बडोद्यात गेलेल्या आम्हा दोघांची उंचीची कल्पना पावागडापाशी संपते!

ऑफिसातल्या मित्राने बजावले होते, उतरल्यावर थेट उरुबांबाच्या खोऱ्यात जा, दोन रात्री काढून मग शहरात ये. खोरे सहाशे मीटर खाली आहे. (माचू पिचू तर २,४३० मीटरवर, कुस्कोपेक्षा जवळजवळ हजार मीटर खाली! मला हे उलटेच वाटत होते.) पण माझ्या एक्सेलमध्ये तासातासाचे वेळापत्रक होते आणि त्यात विश्रांतीचा रकाना नव्हता. काळजी फक्त आईची. तिला रक्तदाबाची गोळी चालू आहे, म्हणून कोरोनाच्या काळातला ऑक्सिमीटर बरोबर घेतला होता.

हॉटेलात कोकाच्या पानांचा चहा दिला. आईने तो चवीने प्यायला आणि सरळ झोपली. मी बाहेर पडलो.

हातुन रुमियोक नावाच्या गल्लीत इंकांची भिंत आहे. दगडाला दगड घासून बसवलेला, मध्ये चुना नाही की माती नाही. एका दगडाला तर बारा कोन आहेत आणि प्रत्येक कोनात शेजारचा दगड चपखल बसला आहे. पुढे कोरिकांचा, म्हणजे सूर्यमंदिर. स्पॅनिश लोकांनी त्याच्याच भिंतींवर सांतो दोमिंगोचा मठ बांधला. १९५० च्या भूकंपात मठाचा बराच भाग कोसळला, खालच्या इंका भिंती मात्र उभ्या राहिल्या. आमच्या क्षेत्रात जुन्या कोडवर नवे चढवतात तेव्हा असेच काहीसे होते, पण ते असो.

परतताना जिन्याच्या दहा पायऱ्यांत मी दोनदा थांबलो. रात्री डोके फुटायची वेळ आली, मग उलट्या. आईने ऑक्सिमीटर लावला. तिचा आकडा ८७, माझा ७८. हवेत प्राणवायूचे प्रमाण तिथेही एकवीस टक्केच असते, पण हवेचा दाबच समुद्रकाठच्या दोन तृतीयांश, त्यामुळे दर श्वासाला मिळतो तो कमी. हे सगळे मी वाचले होते! आईला स्पॅनिशचा एक शब्द येत नाही. ती शाल गुंडाळून खाली गेली आणि स्वागतकक्षातल्या मुलापुढे तो ७८ चा आकडा धरला. तो सिलिंडर घेऊन धावतच वर आला. अर्ध्या तासाने आकडा नव्वदीपर्यंत चढला. तिचे हात तोवर थरथरत होते, आणि ते थंडीने नव्हते.

"अरे, मी आजारी पडले असते तर काय केलं असतंस?" एवढेच तिने विचारले. माझ्याकडे उत्तर नव्हते.

दुसरा दिवस अंथरुणात गेला. तिसऱ्या दिवशी आई म्हणाली, बाजार बघू. सान पेद्रोच्या मंडईत बटाटेच बटाटे: जांभळे, काळे, पिवळे, गाठीगाठींचे. थंडीत गोठवून, पायाने तुडवून पाणी काढलेले आणि वाळवलेले 'चुन्यो'ही होते, ते वर्षानुवर्षे टिकतात. बटाटा मुळात याच डोंगरांतला. शेंगदाणा दक्षिण अमेरिकेतला, आणि ज्याचा आपण साबुदाणा करतो तो कंदही तिथलाच. मंडईत युका नावाने ढीग लावून ठेवला होता. आई ढिगापाशी उभी राहिली. "म्हणजे माझी चतुर्थी सगळी इथूनच आली की!"

दुपारी साक्सायवामानच्या तटबंदीकडे जायचे होते, ते आणखी तीनशे मीटर वर. मी टॅक्सी थांबवली. आईने पर्समधून ऑक्सिमीटर काढला.

"आधी बोट दे."

एक्याण्णव. मग निघालो.