जॉइनिंगच्या आधीचे दोन महिने

निकाल लागला, मुलाखत झाली, नोकरीचे पत्रही आले. पण रुजू व्हायला अजून दोन महिने आहेत. आमची एक जुनी विद्यार्थिनी परवा पेढे घेऊन आली. बी.कॉम., अकाउंटिंग अँड फायनान्स. म्हणाली, "सर, घरी बसून कंटाळा येतो. कोणता कोर्स करू?"

कोर्स पुष्कळ आहेत. सरकारच्या 'स्वयम्' पोर्टलवर फुकट शिकता येते, एक्सेलवर हात बसवायलाच हवा. पण आम्ही तिला वेगळेच विचारले, "बेटा, तुमच्या घरची जकात कोण काढतं?"

"अब्बा. रमजानमध्ये, अंदाजानं."

हा 'अंदाज' घरोघरी आहे. आमच्याही घरी बरीच वर्षे होता. साडेसात तोळे सोने म्हणजे 87.48 ग्रॅम, साडेबावन्न तोळे चांदी म्हणजे 612.36 ग्रॅम, आणि अडीच टक्के. हे सर्वांना पाठ असते. गाडी अडते ती पुढे. दुकानातला माल कोणत्या भावाने धरायचा? उधारी येणार आहे की बुडाली? अम्मीचे दागिने धरायचे का? वापरातल्या दागिन्यांवर हनफी मसलकात जकात आहे. कोकणातल्या आपल्या शाफई घरांत सहसा नाही. सून एका मसलकाची आणि सासर दुसऱ्या, असे असले की दर रमजानला तोच वाद. निर्णय मुफ्तीसाहेबांनी द्यावा, पण त्यांच्यापुढे ठेवायचा कागद कोणी लिहायचा? तीन वर्षे ताळेबंद शिकलेल्या मुलीने नाही तर कोणी?

तसेच देण्या-घेण्याचे. सूरह बकराची 282 वी आयत कुरआनातली सर्वांत लांब आयत, आणि ती उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याबद्दल आहे. आमच्याकडे मात्र मामूंनी चाचांना दिलेले पैसे दोघांच्या आठवणीत, आणि दोघांची आठवण वेगळी! दादाजानच्या जुन्या पासबुकांचेही तेच. दहा वर्षे व्यवहार नसलेली ठेव रिझर्व्ह बँकेच्या निधीत जाते; पण ती बुडत नाही, वारसांना बँकेकडे मागता येते. रिझर्व्ह बँकेच्या 'उद्गम' पोर्टलवर नाव टाकून शोधता येते.

आठ दिवसांनी ती वही घेऊन आली. सोने, रोकड, फिक्स डिपॉझिट, त्यावरचे व्याज वेगळ्या रकान्यात. पाने सुरेख होती. एका ओळीपाशी मात्र पेन्सिलीची खूण.

"सर, अम्मीचं मेहर. निकाहनाम्यावर आकडा आहे, पण दिल्याचं कुठंच नाही. अम्मी म्हणते, राहू दे."

बाकी मेहर हे नवऱ्यावरचे कर्ज. हयातीत दिले नाही, तर वारसांची वाटणी करण्याआधी ते फेडावे लागते. हे तिला ठाऊक होते. तिचा प्रश्न वेगळा होता.

"अब्बांना विचारू कसं?"

आम्ही म्हणालो, "विचारू नकोस. 'देणे' बाजूला ती ओळ शाईनं लिही, आणि वही तपासायला त्यांच्याच हातात दे."