पडदा खोल केला म्हणून तेल अडत नाही



तेल अडवणाऱ्या तरंगत्या अडसराचा, म्हणजे बूमचा, पाण्याखालचा पडदा खोल असता, तर 2010 साली आपला किनारा वाचला असता, हे गेल्या अंकातल्या पत्रातले म्हणणे वाचले. त्यामागची कळकळ पटली, निदान नाही.

7 ऑगस्ट 2010 रोजी मुंबई बंदराजवळ 'एमएससी चित्रा' आणि 'खलिजिया-3' यांची टक्कर झाली, सुमारे 800 टन तेल सांडले. पण पडदा कितीही खोल असला, तरी बूम प्रवाहाला आडवे धरले आणि पाण्याचा वेग पाऊण नॉटच्या वर गेला, की तेल खालून निसटतेच. मी घरी लांबट काचेच्या टाकीत हे पाहिले आहे. वेग वाढवला तसा तेलाच्या थराचा पुढचा काठ फुगला, त्याच्या पोटातून मोहरीएवढे थेंब सुटले आणि पडद्याखालून जाऊन पलीकडे वर आले. पडदा दुप्पट खोल केला, तरी तेच!

आपल्या बंदरात उधाणाची ओहोटी दोन नॉटच्या घरात जाते. तिथे बूम प्रवाहाशी वीसेक अंशांत तिरपे लावून तेल शांत पाण्याकडे वळवावे आणि तिथून उपसावे लागते. म्हणून बूमची चाचणी संथ तलावात नको. ती ससून डॉकबाहेर, भर उधाणात घ्या. चिखलात बूमचे नांगर धरतात की घसरतात, तेही तिथेच कळेल.

– एक वाचक, गिरगाव