सत्तरीतली सायकल आणि हीथची वाट

मे महिना उजाडला की आमच्या दवाखान्यात तीन-तीन महिन्यांच्या औषधांची चिठ्ठी मागणारी मंडळी वाढतात. मुलगा किंवा मुलगी नेदरलँड्समध्ये, आइंडहोवनला नाहीतर आम्स्टलफेनला, नोकरीस असते. व्हिसा नव्वद दिवसांचा असतो आणि निघण्यापूर्वी रक्तदाबाच्या, साखरेच्या गोळ्यांची बेगमी करावयाची असते. यंदा त्यांपैकी एका निवृत्त शिक्षकांनी निराळाच प्रश्न विचारला. त्यांच्या मुलाने तिकडे ‘ग्रॅव्हल बाइक’ घेतली आहे, रविवारी तो फेलुवेच्या जंगलात सायकल घेऊन जातो आणि ‘बाबा, तुम्हीही चला’ असा त्याचा आग्रह आहे. वय ७१. हृदयाचे ठोके अनियमित, म्हणून रक्त पातळ करणारी गोळी चालू, जोडीला मधुमेह. मी काही बोलण्याआधीच शेजारी बसलेल्या त्यांच्या पत्नी म्हणाल्या, “डॉक्टर, तुम्हीच सांगा यांना. या वयात हाडं मोडून घ्यायची आहेत का?”

मी त्यांना जायला सांगितले. मात्र कोणत्या वाटेने, कोणत्या सायकलीवर आणि परत आल्यावर अंगावर काय पाहायचे, हे सांगण्यात अर्धा तास गेला. तो अर्धा तास इतर वाचकांच्याही उपयोगी पडावा, म्हणून आजचा लेख.

फेलुवे हा नेदरलँड्सच्या मध्यभागाचा, गेल्डरलँड प्रांतातला विस्तीर्ण प्रदेश. पाइन, ओक, बीच यांची जंगले, मधूनच उघडी वाळू आणि कोसभर पसरलेली खुरट्या झुडपांची माळराने. या माळरानाला तिकडे हीथ म्हणतात. त्यावरचे हेदर हे गुडघाभर उंचीचे झुडूप ऑगस्ट अखेरीस फुलते आणि सारा माळ जांभळा होतो. हे दृश्य निसर्गाचे वाटते खरे, पण ते माणसाने आणि मेंढरांनी घडविलेले आहे. शतकानुशतके मेंढ्या चरल्या, शेतकऱ्यांनी वरची माती खरवडून शेतात नेली. त्यामुळे नापीक वाळूवर झाडे उगवू शकली नाहीत आणि झुडपे तेवढी टिकली. आजही मेंढ्या चरणे थांबले तर काही वर्षांत तेथे जंगल माजेल. सायकलस्वाराच्या दृष्टीने महत्त्वाचे एवढेच की पायाखाली, म्हणजे चाकाखाली, वाळू आहे.

ग्रॅव्हल बाइक म्हणजे खडीच्या, मातीच्या वाटेसाठी बनविलेली सायकल. शर्यतीच्या सायकलीसारखे खाली वळलेले हँडल, पण टायर रुंद, साधारण चाळीस मिलिमीटरचे, आणि त्यांत हवा थोडी कमी. खड्डे-खळगे ती बऱ्यापैकी पचविते. पन्नाशी-साठीतल्या तंदुरुस्त माणसाने ती जरूर चालवावी. फक्त तासाभराने करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट बधिर होऊ लागले, तर हँडलवर भार फार पडतो आहे असे समजावे. तळहाताच्या कडेची नस दाबली जाते. हँडल वर घ्यावे, पकड बदलत राहावे. महिनाभर दुर्लक्ष केले तर बोटांतली ताकदही कमी होते.

सत्तरीपुढच्या माणसाला मात्र ही सायकल मी सुचविणार नाही. कारण तिचा आडवा दांडा. आमच्या पिढीचे पुरुष टांग मारून सायकलवर बसण्यात पटाईत आणि ‘लेडीज सायकल’ म्हटले की त्यांचा चेहरा उतरतो. त्या शिक्षकांचाही उतरला. वास्तविक नेदरलँड्समधले ऐंशीचे आजोबाही दांडा नसलेली सायकल बिनदिक्कत चालवितात. वृद्धांचे अपघात पुष्कळदा भरवेगात होत नाहीत. ते चढताना, उतरताना, थांबताना होतात. पाय दांड्यावरून पलीकडे जात नाही, तोल जातो, माणूस उभ्या उभ्या कुशीवर पडतो आणि खुब्याचे हाड मोडते. जेथे सायकल हेच सर्वांचे वाहन, त्या देशात २०२२ साली २९१ सायकलस्वार अपघातांत दगावले आणि त्यांत वयस्कांचा भरणा मोठा होता. म्हणून तेथील सरकारने वृद्धांसाठी एक खास उपक्रम चालविला आहे. त्याच्या नावाचा अर्थ ‘पेडल मारत राहा’ असा आहे. सायकल सोडा असे तो सांगत नाही, याची नोंद घरच्या काळजीवाहूंनी अवश्य घ्यावी.

मी जाण्यापूर्वी घराजवळच्या मैदानावर एक परीक्षा घ्यायला सांगितली. बैठक इतकी खाली घ्यावी की बसल्या जागी दोन्ही पाय टेकतील. मग सावकाश दहा वेळा थांबावे, उतरावे, पुन्हा बसावे; एक हात सोडून वळण्याची खूण करावी; मान वळवून मागे पाहावे. मागे पाहताना चाक नागमोडी गेले, तर त्या माणसाने वाळूच्या वाटेला जाऊ नये. हृदयाची पट्टी आणि रक्ताचे अहवाल पाहून ही गोष्ट मला कळत नाही.

पहिली फेरी खडीवर नकोच. फेलुवेतच ‘दे होगे फेलुवे’ हे साडेपाच हजार हेक्टरांच्या आसपासचे राष्ट्रीय उद्यान आहे. क्रोलर-म्युलर दांपत्याच्या खाजगी मालकीची ही जमीन १९३५ साली एका प्रतिष्ठानकडे गेली. आत व्हॅन गॉगच्या चित्रांचा मोठा संग्रह असलेले संग्रहालय आहे. दारात तिकीट काढले की आत शेकडो पांढऱ्या सायकली फुकट वापरायला मिळतात आणि हीथमधून, जंगलातून चाळीस किलोमीटरहून अधिक सायकलमार्ग जातात. आपल्या मंडळींना एक इशारा मात्र हवा. या पांढऱ्या सायकलींना हाताचा ब्रेक नसतो. पेडल उलटे दाबले की मागचे चाक थांबते. आपल्याकडे जन्मभर बोटांनी ब्रेक दाबलेला माणूस घाबरला की बोटे आवळतो, आणि तेथे आवळायला काही नसते. दारापाशी पाच-सात वेळा थांबण्याचा सराव करून मगच पुढे जावे.

दुसऱ्या-तिसऱ्या वेळी, सारे जमते असे दिसल्यावर, खडीची किंवा शिंपल्यांच्या चुऱ्याची घट्ट वाट घ्यावी. सैल, पांढरी वाळू पुढे दिसली की तेथे पोहोचण्याआधीच उतरून सायकल हाती धरून चालावे. वाळूत पुढचे चाक रुतले की हँडल फिरते आणि सावरायला क्षणही मिळत नाही. ओल्या मुळांवर वळू नये, ब्रेक मारू नये. मुलगा पुढे, बाबा मागे ही जोडी वाईट. बाबा पुढे असावेत आणि वेग त्यांचा असावा.

आता औषधे. रक्त पातळ करणारी गोळी घेणाऱ्याने हेल्मेट घातलेच पाहिजे. तिकडे फारसे कोणी घालत नाही, म्हणून संकोच वाटतो; तो बाजूला ठेवावा. डोक्याला मार लागला तर, खरचटलेलेही नसले तरी, त्याच दिवशी रुग्णालयात जावे आणि गोळीचे नाव सांगावे. कवटीच्या आतला रक्तस्राव सावकाश वाढतो, माणूस तासन्‌तास ठीक दिसतो. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घेणाऱ्यांनी खिशात साखर ठेवावी, उपाशी निघू नये. थरथर, घाम, चिडचिड जाणवली की आधी उतरावे, मग साखर खावी. बीटा-ब्लॉकर घेणाऱ्यांच्या मनगटावरील घड्याळाचे आकडे उपयोगाचे नाहीत, कारण त्या गोळीने नाडी एरवीइतकी वाढत नाही. बोलता बोलता दम लागून वाक्य तुटले की वेग कमी करावा, हेच माप ठीक. छातीत दडपण आले तर मात्र तेथेच थांबून ११२ ला फोन करावा.

गुडघेदुखीवाल्यांना सायकल मानवते, कारण शरीराचा भार बैठकीवर राहतो. मात्र नेमके त्याच कारणाने हाडांच्या ठिसूळपणावर सायकलचा उपयोग थोडा. त्यासाठी चालणे सोडू नये.

या सगळ्याहून मला अधिक चिंता वाटते ती गोचिडीची. जनावरांच्या अंगावरच्या गोचिडी आपण ओळखतो. तिकडच्या जंगलातली पिल्ले खसखशीएवढी असतात, गवताच्या आणि हेदरच्या टोकांवर दबा धरून बसतात, चावलेले कळत नाही. त्यांतल्या काहींच्या अंगी लाइम या आजाराचा जिवाणू असतो. तेव्हा घरी आल्यावर स्नानाच्या वेळी संपूर्ण अंग पाहावे: जांघा, काखा, गुडघ्यांची मागची बाजू, कानांमागे, केसांची कड. सत्तरीत स्वतःच्या गुडघ्यामागे पाहता येत नाही, चष्माही काढलेला असतो. हे काम पती-पत्नींनी एकमेकांचे करावे. गोचीड दिसली तर टोकदार चिमट्याने कातडीला अगदी लागून धरावी, सरळ वर ओढावी. तेल, रॉकेल, उदबत्तीचा चटका यांपैकी काही करू नये; त्याने ती अधिक लाळ आत सोडण्याची भीती असते. चोवीस तासांच्या आत काढली तर लाइमचा धोका पुष्कळ कमी होतो. तारीख आणि जागा वहीत लिहून ठेवावी.

ही तारीख का लिहायची, ते गेल्या दिवाळीनंतर आलेल्या एका बाईंवरून कळेल. मांडीवर लालसर कडे होते, तीन आठवडे औषधाच्या दुकानातून आणलेले नायट्याचे मलम चालू होते. आपल्याकडे गोल चट्टा म्हणजे नायटा, हे इतके ठरलेले आहे की शेजारीणही निदान करते. पण हे कडे खाजत नव्हते, त्याला पापुद्रे नव्हते आणि ते दर आठवड्याला बोटभर रुंदावत होते. ऑक्टोबरात कोठे होतात, असे विचारल्यावर त्या म्हणाल्या, लेकीकडे, हॉलंडला. रोज नातवाला घेऊन जंगलात फिरायला जायचे.

लाइमचा चट्टा चावल्यानंतर साधारण ३ ते ३० दिवसांत उमटतो, म्हणजे बहुधा आपण परतल्यावर. त्याला मधे फिकी जागा असेलच असे नाही. सावळ्या कातडीवर तो नुसता काळानिळा दिसू शकतो. एक-दोन दिवसांत उठून विरणारी छोटी गांधी निराळी. पसरत जाणारा चट्टा निराळा. पहिल्या आठवड्यांत रक्ताची तपासणी निर्दोष येऊ शकते, तेव्हा अहवालावर विसंबून राहू नये. या टप्प्यावर डॉक्टरांनी दिलेला डॉक्सिसायक्लिनसारख्या औषधाचा पूर्ण क्रम घेतला की बहुतेक रुग्ण बरे होतात. दुर्लक्ष झाले तर पुढे तोंड एका बाजूला वाकडे होणे, गुडघा सुजणे, हृदयाचे ठोके मंदावणे अशा गोष्टी घडतात, आणि त्या घडतात तेव्हा महिन्यांपूर्वीची सहल कोणाच्याच ध्यानी नसते. म्हणून परदेशातून आल्यावर पुढच्या तीन-चार महिन्यांत ताप, चट्टा, सांधेदुखी, काहीही घेऊन डॉक्टरांकडे गेलात, तर पहिल्या वाक्यात सांगा: अमुक देशात होतो, जंगलात गेलो होतो, गोचीड चावली किंवा चावली असावी.