म्हादईचा हिशेब टीएमसीत, पाणी मात्र खानापूरच्या रानात

कणकुंबीच्या माउली मंदिराजवळ मलप्रभा उगम पावते. ती पूर्वेला वळते, सौंदत्तीजवळच्या नविलुतीर्थ धरणात अडते आणि पुढे कुडलसंगमला कृष्णेला मिळते. याच कणकुंबीच्या रानातला कळसा नाला उलट पश्चिमेला उतरतो आणि म्हादईतून पणजीजवळ अरबी समुद्राला जातो. एका गावात पडणारा पाऊस असा दोन समुद्रांना वाटला जातो. मधला उंचवटा काही फार मोठा नाही. म्हणूनच कळशाचं पाणी मलप्रभेत वळवायचा विचार सोपा वाटला आणि 2006 मध्ये कामाला सुरुवातही झाली.

म्हादईचा स्वतःचा उगम खानापूर तालुक्यातच, देगावच्या परिसरात, भीमगडच्या जंगलात. खोरं 2032 चौरस किलोमीटरचं. त्यातलं 375 कर्नाटकात, 77 महाराष्ट्रात आणि बाकी 1580 गोव्यात. सत्तरीत उतरली की ती रुंदावते, खाली मांडवी होते. दूधसागरचं पाणी घेऊन येणारी खांडेपार तिला पुढे मिळते.

लवादाने 14 ऑगस्ट 2018 च्या निवाड्यात कर्नाटकाला 13.42 टीएमसी दिलं. आकडा मोठा वाटतो, पण त्यातलं 8.02 वीजनिर्मितीसाठीचं. खोऱ्याबाहेर वळवायला मिळालं ते 3.90, म्हणजे कळशातून 1.72 आणि नेरसेकडच्या भांडुऱ्यातून 2.18. लवादाने नदीचं वार्षिक पाणी धरलं 188 टीएमसी. मग दोन टक्क्यांसाठी एवढा गोंधळ कशाला, असा प्रश्न हुबळी-धारवाडकडे विचारला जातो. प्रश्न रास्त आहे. तिकडे प्यायच्या पाण्याची ओढ खरी आहे, नवलगुंद-नरगुंदच्या शेतकऱ्यांनी त्यासाठी वर्षानुवर्षं आंदोलन केलंय.

पण 188 हा वर्षाचा आणि अख्ख्या खोऱ्याचा आकडा. तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरात धो धो वाहून जातो. फेब्रुवारीनंतर नदीत जे वाहतं ते रानातल्या झऱ्यांचं. पालापाचोळा आणि जांभा दगड पावसाचं पाणी धरून ठेवतात, हळूहळू सोडतात. ते टिकतं माथ्यावरच्या जंगलामुळे, आणि 3.90 टीएमसी उचलायचं आहे ते नेमकं माथ्यावरूनच. खालच्या सगळ्या नदीशी तुलना करून ते किरकोळ ठरवणं हा हिशेबातला घोटाळा आहे. सुधारित आराखड्यात कालव्याऐवजी पंप आणि पाइपलाइन आली, जंगल कमी जाईल असं सांगितलं गेलं. तरी पाणी उचलायची जागा तीच राहिली. उन्हाळ्यात वरून येणारं गोडं पाणी घटलं की मांडवीत भरतीचं खारं पाणी आणखी आत शिरणार, ही गोव्याची भीतीही त्यामुळे पोकळ म्हणता येत नाही.

केंद्रीय जल आयोगाने डिसेंबर 2022 मध्ये आराखड्याला मान्यता दिली. पण वन्यजीव आणि वनखात्याच्या परवानग्या हा वेगळा टप्पा. म्हादई अभयारण्याचं पाणी वळवता येणार नाही, असं म्हणत गोव्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांनी जानेवारी 2023 मध्ये कर्नाटकाला नोटीस काढली. निवाड्याविरुद्ध तिन्ही राज्यं सर्वोच्च न्यायालयात गेलेली आहेतच.

या सगळ्यात गवाळी, पास्टोली, कोंगळा, आमगावची माणसं कुठे आहेत? भीमगड 2011 मध्ये अभयारण्य झालं. जंगल राखायचं म्हणून इथे रस्ता नाही, पूल नाही. पावसाळ्यात साकवावरून जायचं आणि आजारी माणसाला खांद्यावर उचलून न्यायचं. स्थलांतराची बोलणीही त्यांच्याशीच होतात. एका पुलासाठी जो वनकायदा आडवा येतो, तो पाइपलाइनच्या वेळी वाटाघाटीचा विषय कसा होतो, हे बेंगळुरूतून कुणी त्यांना समजावून सांगितलेलं नाही. पणजीच्या सभांमधूनही नदीचं नाव निघतं, या गावांचं क्वचितच.

मलप्रभेचं काय, हेही विचारायला हवं. तिचा उगमही याच रानात आहे. तिच्या खोऱ्यात ऊस वाढत गेला आणि धरणावरची मागणीही. म्हादईतून 3.90 आणण्याआधी नविलुतीर्थाच्या 37 टीएमसीतलं किती पाणी नळाला जातं आणि किती उसाला, हा हिशेब लोकांपुढे मांडायला न्यायालयाच्या तारखेची वाट बघावी लागत नाही.