भंगारवाल्याला बोलवण्याआधी

विंडोज १० चा आधार मायक्रोसॉफ्टनं १४ ऑक्टोबर २०२५ ला काढून घेतला. नोंदणी करणाऱ्या घरगुती वापरकर्त्यांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव मुदत जाहीर झाली. तेव्हापासून शाळा, वाचनालयं, पतसंस्था, छोटी ऑफिसं सगळीकडे एकच सल्ला मिळतोय: “हा संगणक आता चालायचा नाही, नवा घ्या.” विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते आणि इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. २०१६ साली घेतलेलं यंत्र कितीही ठणठणीत असलं तरी ते यात बसत नाही.

माझी विनंती आहे, पैसे काढण्याआधी थोडं थांबा. तुमच्या यंत्राला काहीही झालेलं नाही. त्यावरच्या सिस्टीमच्या मालकानं हात काढून घेतलाय, आणि त्यावर इलाज आहे.

मात्र आहे तसंच रेटत राहू नका. ज्या संगणकावरून बँकेचे व्यवहार होतात, तो सुरक्षेच्या दुरुस्त्यांविना इंटरनेटवर ठेवणं धोक्याचं आहे. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ या घातक प्रोग्रॅमनं जगभरातल्या संगणकांतल्या फायली कुलूपबंद करून खंडणी मागितली. ज्या भोकातून तो शिरला, त्याची दुरुस्ती दोन महिने आधीच निघालेली होती. ज्यांनी ती घेतली नव्हती त्यांना फटका बसला. आणि कोपऱ्यावरच्या दुकानातून ‘विंडोज मारून’ घेणं हा तर इलाजच नव्हे. क्रॅक केलेल्या प्रतीत आणखी काय काय भरलंय, ते देणाऱ्यालाही ठाऊक नसतं.

इलाज म्हणजे लिनक्स ही सिस्टीम. लिनक्स मिंट किंवा उबुंटू हे तिचं रूप फुकट उतरवता येतं. उतरवलेली फाईल नुसती कॉपी करून चालत नाही, रूफससारख्या प्रोग्रॅमनं ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर लिहावी लागते, आणि पेनड्राइव्हवरचं आधीचं सगळं त्यात पुसलं जातं. मग संगणक त्या पेनड्राइव्हवरून सुरू करायचा. इन्स्टॉल करा असं तुम्ही स्वतः सांगेपर्यंत हार्ड डिस्कला धक्का लागत नाही. वायफाय लागतंय का, आवाज येतोय का, तुमचाच प्रिंटर छापतोय का, इन्स्क्रिप्टनं मराठी टाइप होतंय का, हे तासाभरात कळतं. ४ जीबी रॅमवर पत्रव्यवहार, ब्राउझर, व्हिडिओ एवढं काम ते निभावून नेतं.

उणंही सांगतो. टॅली, फोटोशॉप, कोरलड्रॉ लिनक्सवर सरळ चालत नाहीत. काही प्रिंटर छळतात. डिजिटल सहीचं टोकन वापरत असाल तर आधी चाचणी घ्या. ज्याचा सारा धंदा टॅलीवर उभा आहे त्यानं तत्त्वासाठी उद्या सकाळी विंडोज काढून टाकावं, असं मी म्हणणार नाही. मॅक उत्तम आहे, पण ती सिस्टीम अ‍ॅपलच्याच महागड्या यंत्रासाठी असते, आणि काही वर्षांनी अ‍ॅपलही जुन्या मॅकला नवी आवृत्ती द्यायचं थांबवतंच.

सिस्टीम कुठली निवडायची हे ज्याच्या त्याच्या कामावर ठरेल. पण कुठलीही निवडलीत तरी तुमचा मजकूर, हिशेब, नोंदी त्या एका कंपनीच्या मर्जीबाहेरही उघडल्या पाहिजेत, याबाबत मात्र तडजोड करू नका. जुलै २०२५ मध्ये युरोपीय संघानं नायरा एनर्जी या तेल कंपनीवर निर्बंध लादले. मुख्यालय मुंबईत, रिफायनरी गुजरातेत वाडिनारला, मोठा हिस्सा रशियाच्या रोसनेफ्टचा. त्यावर मायक्रोसॉफ्टनं तिला दिलेल्या सेवा बंद केल्या. परवान्याचे पैसे भरले असूनही आपल्याच ईमेलपर्यंत पोचता येत नाही, अशी तक्रार घेऊन कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली आणि त्यानंतर सेवा पुन्हा सुरू झाल्या. एवढ्या मोठ्या कंपनीला वकील उभे करता आले. तुमच्या-माझ्यासारख्यानं कुठं जायचं?

मराठीत तर या परावलंबनाची किंमत आपण कधीच मोजली आहे. मराठी अक्षरजुळणी संगणकावर आली ती पेजमेकर हा पानं मांडायचा प्रोग्रॅम आणि श्रीलिपी, आकृती असे फॉन्ट यांच्या जोडीनं. त्यांनी छपाईचं रूप पालटलं, त्याचं मोल मी कमी करत नाही. पण त्या जुन्या फॉन्टांत मराठी अक्षर मराठी म्हणून साठवलंच जात नव्हतं. रोमन अक्षरांच्या जागांवर देवनागरीचे तुकडे बसवलेले असत, आणि प्रत्येक कंपनीची मांडणी निराळी. श्रीलिपीचा फॉन्ट काढून घेतला की ‘मराठी’ या शब्दाच्या जागी एक अधोरेषा, चार इंग्रजी अक्षरं आणि एक कोनी कंस उरतो.

एका नियतकालिकाच्या जुन्या अंकांच्या सीडी मी पाहिल्या आहेत. फायली शाबूत होत्या. पण उघडायला पेजमेकर हवं, आणि २००१ च्या ७.० नंतर त्याची नवी आवृत्ती आलीच नाही. ते चालवायला जुनं विंडोज हवं. फॉन्टसाठी डोंगल, म्हणजे संगणकाला जोडायची परवान्याची किल्ली हवी, आणि ते डोंगल जुन्या प्रिंटरच्या रुंद पोर्टात बसणारं. तसं पोर्ट हल्लीच्या संगणकाला नसतंच. शेवटी छापील अंक समोर ठेवून लेख पुन्हा टाइप करावे लागले, तेही थोडेच झाले. माणसांनी जीव ओतून केलेलं काम असं अडकून पडलेलं पाहवत नाही.

यावरचा उपाय म्हणजे युनिकोड, प्रत्येक अक्षराला एकच ठरलेला क्रमांक देणारी पद्धत. तिच्यात ‘म’चा क्रमांक २३५० आहे. पुण्यात, मडगावात, न्यू जर्सीत, विंडोजवर, लिनक्सवर, तुमच्या फोनवर, सगळीकडे तोच. म्हणून लिहायचं ते युनिकोडमध्येच लिहा. लिब्रेऑफिस विंडोजवरही फुकट चालतं, तेव्हा सुरुवात तिथून करा. त्याचा ओडीटी हा फाईल-प्रकार खुला आहे, तो वाचणारा प्रोग्रॅम कुणालाही लिहिता येतो. हिशेबाचं सॉफ्टवेअर कुठलंही असो, दर मार्चअखेर सगळ्या नोंदी सीएसव्ही या साध्या मजकुराच्या फाईलमध्ये काढून वेगळ्या डिस्कवर ठेवा. पतसंस्थेच्या, शाळेच्या संचालकांनो, नवं सॉफ्टवेअर घेताना विकणाऱ्याला विचारा, “उद्या तुमच्याकडून बंद केलं तर आमचा डेटा कोणत्या स्वरूपात परत मिळेल?” उत्तर करारात लिहून घ्या. शिक्षकांनो, केरळच्या सरकारी शाळांत मुलं कित्येक वर्षं लिनक्सवर संगणक शिकताहेत. आपली मुलंही शिकतील.

आणि ज्यांच्या कपाटात अजून जुन्या डीटीपी फायली आहेत, त्या लेखक, संपादक, मुद्रकांना कळकळीनं सांगतो: तो जुना संगणक सुरू होतोय तोवर हे काम हातात घ्या. पेजमेकरमधून मजकूर बाहेर काढा, तुमच्या फॉन्टचा युनिकोड कन्व्हर्टर मिळवा, आधी दोनच पानं करून पाहा. पेजमेकर हाताशी नसेल तर त्याच्या काही फायली लिब्रेऑफिसमध्येही उघडतात. रूपांतरात रफार आणि जोडाक्षरं हटकून बिघडतात, म्हणून एकदा जुनी प्रत शेजारी ठेवून वाचा. ‘दऱ्या’चा ‘दर्या’ झालेला शुद्धलेखन तपासणाऱ्या प्रोग्रॅमला कळत नाही, कारण दोन्ही शब्द बरोबरच असतात.