हाडाला हवा सावकाश खुराक
आईची नडगी जुळेना, म्हणून डॉक्टरांनी तिच्याच कमरेचं हाड काढून तिथे भरलं. पाय सावरला, कंबर अजून ठणकते.

कंबर न दुखवता हाड भरता येईल का? खनिज काढलेलं हाड स्नायूत ठेवलं तरी तिथे नवं हाड धरतं, हे मार्शल युरिस्ट यांनी १९६५मध्ये दाखवलं. त्यामागच्या प्रथिनांपैकी बीएमपी-२ला २००२मध्ये अमेरिकेत मणके जोडण्यासाठी मान्यता मिळाली, कोलॅजनच्या स्पंजात भिजवून. पण स्पंज ते भराभर सोडतो, म्हणून मात्रा प्रचंड लागते. ते वापरलेल्या मानेच्या शस्त्रक्रियांत घसा सुजून श्वास अडकू लागला, तेव्हा २००८मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने इशारा दिला.

माझ्या मते दोष प्रथिनापेक्षा ते वाहून नेणाऱ्या स्पंजाचा, म्हणजे वाहकाचा. शरीरात हळूहळू विरघळत कित्येक आठवडे थोडंथोडं प्रथिन सोडणारा वाहक घडवण्यावर आपल्या प्रयोगशाळांनी पैसा आणि वर्षं घालावीत. आई अजून त्या कुशीवर झोपत नाही.